खंडाचे स्वातंत्र्य कोणते?

आपल्या समीक्षेने ‘पूर्णता’ हे मूल्य इतक्या निमूटपणे स्वीकारले आहे की खंडशः येणारी कथनरूपे तिच्या दारातच अडतात. मर्ढेकरांनी संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांतून कलाकृतीच्या घाटाचा विचार केला. अनुयायांच्या हाती मात्र त्याची तपासनिसाची फूटपट्टी झाली. संगणकीय खेळ हे साहित्य नव्हे, हा आक्षेप तूर्त बाजूला ठेवू. ‘हाफ-लाइफ २’ (२००४) या विज्ञानकथात्मक खेळाचा २००६ मधील पुढचा खंड ‘एपिसोड वन’ समोर ठेवला, तरी ‘अपुरे ते अकलात्मक’ हा न्याय किती पोकळ आहे ते दिसते.

हा खंड ‘स्वतंत्र’ म्हणून विकला गेला. त्याचा अर्थ एवढाच, की मूळ खेळ विकत न घेताही तो चालतो. हे बाजाराचे स्वातंत्र्य, कथनाचे नव्हे. नायक गॉर्डन फ्रीमन ढिगाऱ्याखालून बाहेर काढला जातो. तो ढिगारा कशाचा, हे पूर्वकथाच जाणते. शेवटही धावत्या आगगाडीत अर्ध्यावर तुटतो. मग या खंडाची स्वायत्तता कोठे? माझ्या मते शहराखालच्या अंधाऱ्या भुयारांत. खेळाडूजवळ विजेरी, सोबतच्या अ‍ॅलिक्सच्या हाती पिस्तूल. तो प्रकाश टाकील त्या दिशेने ती नेम धरते आणि विजेरीची शक्ती तर सरत चाललेली. फ्रीमन या मालिकेत एक शब्दही बोलत नाही. येथे त्याचे पाहणे हेच बोलणे होते आणि पूर्वकथा ठाऊक नसलेल्यालाही ते नाते पुरते कळते.

याला परकीय चाळा म्हणणाऱ्यांनी म्हाइंभटांकडे वळावे. तेराव्या शतकात ऋद्धिपूरला भक्तांच्या आठवणींतून सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ अशा खंडांचेच बनलेले आहे. हे मी वडनेर भोलजीहून लिहितो आहे. याच जिल्ह्यातील मेहकर-लोणारच्या लीळा वाचताना मागची लीळा ध्यानात असावीच लागते असे नाही. स्थळ, प्रसंग आणि स्वामींचे वचन एवढ्यावर ती उभी राहते. या ग्रंथाला आद्य गद्य म्हणून गौरवायचे आणि त्याचे रचनातत्त्व अन्यत्र भेटले की ‘विस्कळीत’ म्हणून हिणवायचे, हा दुटप्पीपणा (अभ्यासक्रमांत तो सुखाने नांदतो) आता पुरे.

मालिकेचा दुसरा खंड २००७ मध्ये आला. योजलेला तिसरा आलाच नाही. तिचे लेखक मार्क लेडलॉ यांनी २०१७ मध्ये पात्रांची नावे बदलून त्या कथेचे सार तेवढे प्रसिद्ध केले. पूर्णता म्हणजे कथानकाची पूर्तता असेल, तर पूर्णतावाद्यांना एवढे पुरायला हवे. त्यांनी ते वाचावे आणि पहिला खंड आता कलात्मक झाला काय, हे सांगावे.