पासवर्ड बरोबर, तरी फाईल उघडेना! कार्यालयातल्या कॉम्प्युटरचा हट्ट अन् नागरिकांचे हेलपाटे

विश्लेषण

"साइट चालत नाही, उद्या या." तालुक्याला कामासाठी गेलेल्या शेतकऱ्याला हे वाक्य नवं नाही. पण दर वेळी साइट बंदच असते असं नाही. कधी कधी साइट चालू असते, भाऊसाहेबांचं लॉगिनही झालेलं असतं, यादीत फाईल दिसत असते. फाईलवर क्लिक केलं की मात्र नाव-पासवर्ड विचारणारी चौकट पुन्हा समोर येते. टाकला, परत आली. तीनदा टाकला, तरी परत आली. शेवटी रांगेतला माणूस उद्यावर जातो.

सरकारी कारभार कागदावरून कॉम्प्युटरवर चालला आहे. अशा वेळी हा बिघाड नेमका कुठे असतो, हे समजून घेणं गरजेचं आहे. कारण यात बहुतेक वेळा पासवर्ड चुकलेला नसतो. कॉम्प्युटरला आपल्याच कार्यालयाची साइट ओळखीची वाटत नसते.

दोन दारं, दोन पहारेकरी

कॉम्प्युटर सुरू करताना टाकलेल्या नाव-पासवर्डवरच जिथे कार्यालयाची आतली साइट, म्हणजे इंट्रानेट, चालते, तिथली ही गोष्ट आहे. साइट उघडतो तो ब्राउझर. त्याची ओळख पहिल्या दारावर पटलेली असते. पण वर्ड किंवा एक्सेलची फाईल तिथूनच उघडायला गेलं, की वर्ड स्वतः सर्व्हरकडे जातो. ब्राउझरची ओळख त्याच्या कामी येत नाही. दुसऱ्या दारावरचा पहारेकरी त्याला नव्याने विचारतो, "तू कोण?"

इथे विंडोजने गुपचूप ओळख सांगितली तर चौकट येत नाही. पण विंडोज ही ओळख फक्त घरच्या साइटला सांगतं. पत्त्यात टिंब असलं, की ती साइट बाहेरची, इंटरनेटवरची, असं ते धरून चालतं. साइट शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर असली तरी!

आधी काय तपासायचं?

पहिली परीक्षा सोपी आहे. फाईल थेट न उघडता आधी उतरवून घ्यायची, मग उघडायची. तशी ती विनातक्रार उघडली, तर पासवर्ड ठीक आहे, घोळ दुसऱ्या दारावर आहे.

दुसरं, साइटची नोंद. कंट्रोल पॅनेलमध्ये इंटरनेट ऑप्शन्स, त्यात सिक्युरिटी, मग लोकल इंट्रानेट आणि साइट्स. तिथे आपल्या साइटचा नेमका पत्ता घालायचा. एवढ्याने भागलं नाही, तर विंडोजच्या वेबक्लायंट सेवेच्या नोंदीतही तो पत्ता भरावा लागतो. ही नोंद रजिस्ट्रीत असते. ते काम नेटवर्क सांभाळणाऱ्याचं, ऑपरेटरने तिथे हात घालू नये.

तिसरं, जुना पासवर्ड. पासवर्ड बदलला, पण विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये आधीचा साठून राहिला, तर कॉम्प्युटर तोच पुढे करत राहतो. काही वेळा यातूनच खातं लॉक होतं. जुनी नोंद पुसली की प्रश्न मिटतो.

चौथं, घड्याळ. हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ओळख पटवण्याच्या कर्बेरॉस पद्धतीत सर्व्हर आणि कॉम्प्युटरच्या वेळेत साधारण 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. जुन्या मशीनच्या बोर्डावरचा बटणासारखा सेल संपला, की वीज गेल्यावर तारीख-वेळ मागे जाते. खेड्यापाड्यात वीज किती वेळा जाते, हे सांगायला नको. अशा मशीनला सेल बदलण्याचा खर्च किरकोळ असतो.

एक मात्र करू नये. वैताग नको म्हणून सुरक्षेची पातळीच खाली आणणं किंवा बाहेरच्या साइटही घरच्या यादीत घालणं, म्हणजे गोठ्याचं दार उघडं टाकून झोपण्यासारखं आहे.

खरा धोका चिठोऱ्यात

चौकट सारखी येत राहिली की माणूस पळवाट काढतो. पासवर्ड चिठोऱ्यावर लिहून स्क्रीनला चिकटवला जातो. साहेब दौऱ्यावर असले, तर त्यांचा पासवर्ड ऑपरेटरकडे राहतो. मग फाईलवर कुणी काय केलं, हे नंतर शोधणं कठीण. नोंद साहेबांच्या नावाने, हात दुसऱ्याचा. जमिनीच्या किंवा अनुदानाच्या कागदात असं झालं, तर भोगायचं शेतकऱ्याने. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी नुसार गुन्हा आहे. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

यंत्रं जुनी, वाटही जुनी

इंटरनेट एक्सप्लोरर 11 चा आधार मायक्रोसॉफ्टने जून 2022 मध्ये थांबवला. विंडोज 10 ची मोफत सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. वर सांगितलेली वेबक्लायंट सेवाही कंपनीने 2023 मध्येच जुनी ठरवली. म्हणजे आजची दुरुस्ती ही मलमपट्टी आहे. फाईल ब्राउझरमध्येच उघडेल, तिथेच दुरुस्त होईल, अशी व्यवस्था पुढेमागे करावीच लागणार.

तोवर जिल्हा पातळीवरून एकदा बसून साइटचा पत्ता सगळ्या मशीनवर एकदम नोंदवता येतो. प्रत्येक टेबलावर जाऊन करायची गरज नाही. आज तालुक्यातला ऑपरेटर फोन लावतो, समोरचा "पासवर्ड बदलून बघा" म्हणतो आणि तक्रार तिथेच संपते. तक्रार लेखी गेली, त्यात चौकट नेमकी कधी येते हे लिहिलं, तर पुढच्याला उत्तर द्यावंच लागतं.

नागरिकाने काय करावं?

कॉम्प्युटर अडला म्हणून अर्ज परत न्यायचा नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली अधिसूचित सेवेसाठी अर्जाची पोच मिळणं हा हक्क आहे. मुदत त्या पोचेपासून मोजली जाते. मुदतीत काम झालं नाही, तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. सबळ कारण नसताना सेवा अडवली, तर संबंधित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. त्यामुळे "उद्या या" ऐकलं, की आधी पोच मागावी, तिच्यावरची तारीख बघावी, मगच एसटी पकडावी.