जुन्या जीपला नवा ब्रेक

ब्राह्मणपुरीकडील कित्येक बागाईतदार जुन्या जीपला ए. बी. एस. बसवावा काय, असें विचारतात. आमच्या मतें बसवूं नये.

यंत्र वाईट आहे असें नव्हे. नव्या मोटारींस तें एप्रिल २०१९ पासून सक्तीचेंच आहे. चाक अडकूं लागतांच तें दाब क्षणभर सोडतें व पुन्हां देतें, म्हणून ओल्या डांबरीवरही गाडी वळवितां येते. (सुट्या खडीवर मात्र थांबण्यास अंतर कधीं अधिकच लागतें.) परंतु तें त्या त्या गाडीचें वजन पाहून कारखान्यांत जुळविलेलें असतें, दुसऱ्या गाडीचें काढून मिस्त्रीनें लावलेलें यंत्र भरंवशाचें नव्हे. जुन्या जीपचें ब्रेक-ऑइल दर दोन वर्षांनीं बदलावें. तें हवेंतील ओल शोषतें, आणि तोरणमाळच्या उतारावर उकळलें कीं पेडल पोकळ जातें.

खरी चिंता निराळीच आहे. गळिताच्या दिवसांत शहाद्याच्या रस्त्यानें उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जातात. पुष्कळांस ब्रेकच नसतो, सारा भार ट्रॅक्टरवर. त्यांत शेतांतून निघतांना डावें-उजवें पेडल जोडणारी कडी लावावयाची राहते, एकच बाजू दाबली जाते, व ट्रॅक्टर आडवा होतो. कडीस दमडी पडत नाहीं. ट्रॉलीच्या ब्रेकास पैसा पडतो. जीपेसाठीं काढलेला तेथें घालावा.