चित्रातली नटी, हिशेबातली बाई

फोटो नव्हते, सिनेमा नव्हता, तेव्हा आवडत्या नटीला घरी कसं आणायचं? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या लोकांकडे त्यावर उपाय होता: छापील चित्र. विल्यम वेस्टसारखे दुकानदार १८११ पासून नाटकांतल्या पात्रांची चित्रं विकू लागले. साधं चित्र एका पेनीला, हाताने रंगवलेलं दोन पेनींना. हौशी मंडळी त्यावर चमकीचा कागद नि कापडाचे तुकडेही चिकटवायची. आपण देवाच्या तसबिरीला टिकल्या लावतो ना, अगदी तसंच!

या चित्रांमधली एक गाजलेली नटी म्हणजे मादाम वेस्ट्रिस. जन्म १७९७चा. गंमत म्हणजे तिचे आजोबा फ्रान्चेस्को बार्तोलोत्झी हे स्वतः नामांकित चित्र-खोदकार. सोळाव्या वर्षी लग्न झालं, पण नवऱ्याने साथ दिली नाही. १८२० मध्ये तिने रंगमंचावर पुरुषाची भूमिका केली आणि लंडन वेडं झालं. कशामुळे? तर पुरुषी वेषात तिचे पाय दिसले म्हणून! बायकांचे झगे जमिनीवर लोळायचे तो तो काळ. मग काय, चित्रंही त्याच वेषातली निघाली आणि हातोहात खपली. आपल्या चेहऱ्यावर कलाकाराचा कायद्याने काही हक्क नव्हता. म्हणजे रूप तिचं, गल्ला दुकानदाराचा.

पण चित्रात न दिसणारी गोष्ट खरी मोठी आहे. १८३१च्या जानेवारीत याच बाईने लंडनचं ऑलिम्पिक थिएटर स्वतः चालवायला घेतलं. नाटकं निवडणं, नटांचे पगार, पोशाख, नेपथ्य, सगळं तिच्या हाती. रंगमंचावर खऱ्याखुऱ्या घरासारखी खोली उभी करण्याकडे तिने बारकाईने लक्ष दिलं. १८३९ पर्यंत तिने ते थिएटर चालवलं.

आणि हे जमलं कसं, तेही बघा. नवरा १८२५ मध्ये वारला होता. त्या काळी इंग्लंडमध्ये विवाहित बाईची कमाई नवऱ्याची मानली जायची. हा कायदा १८७० पासून बदलत गेला. विधवेला मात्र स्वतःच्या नावाने व्यवहार करता यायचा. नवरा गेल्यावरच बाईच्या सहीला किंमत, असा हा न्याय!

मैत्रिणींनो, आज कायदा आपल्या बाजूने आहे. तरी आपल्या गावातच बघा ना. पार्लर, पोळीभाजी केंद्र, शिवणाचं दुकान चालवते बाई. उद्घाटनाच्या फोटोत पुढेही तीच. पण परवाना कुणाच्या नावावर? बँकेचं खातं कुणाचं? ‘ते सगळं हेच बघतात’ असं आपणच कौतुकाने सांगतो.

फोटो छानच यावा, त्यात वावगं काही नाही. पण फोटोत पुढे उभं राहणाऱ्या बाईचं नाव कागदावरही असायला हवं. या आठवड्यात आपल्या दुकानाचा परवाना एकदा काढून वाचा. नाव कुणाचं आहे?