माझी मेट्रो : दिशा चार, सांधा एकच

किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष होय, असे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावून ठेवले आहे. गडाला दोन-तीन दरवाजे असावेत, शिवाय चोरदिंड्याही राखाव्यात, हा त्यांच्या उपदेशाचा आशय. वेढा पडल्यावर नवी वाट खोदता येत नाही. ती शांततेच्या काळातच सिद्ध ठेवावी लागते. अठराव्या शतकाच्या आरंभीचे हे दुर्गसूत्र आजच्या नागपूर मेट्रोलाही तंतोतंत लागू पडते.

मार्च २०१९ मध्ये खापरी-सीताबर्डी मार्गावर नागपुरात मेट्रो धावू लागली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्या टप्प्याच्या उर्वरित मार्गांचे लोकार्पण झाले. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही उत्तर-दक्षिण ऑरेंज लाइन आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही पूर्व-पश्चिम अ‍ॅक्वा लाइन. दोन्ही मिळून सुमारे ४० किलोमीटर. नागपूरकरांना तिचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच आहे. मात्र नकाशा समोर ठेवला की त्याला जाळे म्हणावे काय, असा प्रश्न पडतो. जाळ्याला अनेक गाठी असतात. येथे दोन्ही मार्ग एकमेकांना केवळ सीताबर्डीला भेटतात.

याचा अर्थ सरळ आहे. विजेच्या तारेत अडकलेला मांजा असो वा सिग्नल यंत्रणेतील बिघाड, कोणत्याही दोन स्थानकांमधील वाहतूक थांबली की पलीकडे जाण्यास मेट्रोची दुसरी वाट उरत नाही. खोळंबा सीताबर्डीलाच झाला, तर चारही दिशा एकमेकींपासून तुटतात.

यावर ‘खाली रस्ता आहेच’ असे उत्तर मिळेल. तेही पूर्णतः खरे नाही. वर्धा मार्गावर ३.१४ किलोमीटरचा द्विस्तरीय पूल आहे. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो, सारे एकाच खांबांवर. कामठी मार्गावरही तीच रचना असून गड्डीगोदाम येथे तर रेल्वेमार्गासह चार स्तर एकावर एक आले आहेत. जागा आणि पैसा वाचविणारे हे स्थापत्य निःसंशय कौतुकास्पद होय. परंतु एकावर एक रचलेल्या वाटा या परस्परांना पर्याय ठरत नाहीत. एका खांबाला धोका पोहोचला, तर सर्व वाटा एकदमच बंद होतील.

दुसऱ्या टप्प्याकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली. लांबी ४३.८ किलोमीटर, खर्च सुमारे ६,७०८ कोटी रुपये. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगर या दिशांना मेट्रो नेणारा हा टप्पा कामगारांच्या व विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आवश्यकच आहे. तथापि त्याने आहेत त्याच चार भुजा लांबतात; नवा सांधा एकही निर्माण होत नाही. उद्या कन्हानहून मिहानमधील एम्समध्ये निघालेला रुग्ण वाटेत अडकला, तर भर उन्हाळ्यात त्याने उरलेले अंतर कसे कापावे?

आडव्या जोडणीचे मोल मुंबईने अनुभवले आहे. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या उपनगरी प्रवाशांना मार्ग बदलण्यासाठी दीर्घकाळ मुख्यतः दादरच गाठावे लागे. जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अवघ्या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या या मार्गाने अंधेरी आणि घाटकोपर थेट जोडले गेले आणि दादरला वळसा घालण्याची गरज कितीतरी प्रवाशांपुरती संपली.

नागपुरात अशी जोडणी रूळ न टाकताही साधता येईल. शहराचा रिंगरोड ऑटोमोटिव्ह चौक, छत्रपती चौक आणि रचना रिंग रोड या स्थानकांपाशी मेट्रोला भेटतो. पूर्वेस तो भंडारा मार्गालाही छेदतो. चारही भुजांना जोडणारे वर्तुळ म्हणजे आयतेच आखून ठेवलेले आहे. त्यावर मेट्रोच्या वेळापत्रकाशी मेळ राखणारी, मेट्रोच्याच तिकिटावर चालणारी ‘आपली बस’ची वर्तुळसेवा हवी. ती रोज धावली, तरच संकटकाळी कामी येईल. शिवाय मेट्रो थांबताच कोणत्या आगारातून किती बसगाड्या निघतील, हे महामेट्रो आणि महापालिका यांनी आधी ठरवावे, प्रत्येक स्थानकावर मराठीत लावावे आणि वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम घ्यावी.

सप्टेंबर २०२३ च्या एका रात्रीत अंबाझरी आणि नाग नदीने शहराला आपले सामर्थ्य दाखविले. अशा प्रसंगी शेजारी शेजाऱ्याच्या मदतीला धावतो, हे समाजाचे बळ होय. परंतु समाजाच्या सेवाभावावर विसंबून प्रशासनाने नियोजनातून अंग काढून घेणे योग्य नव्हे. दुसऱ्या टप्प्याच्या कोट्यवधींच्या तुलनेत रिंगरोडवरील काही बसगाड्यांचा खर्च तो किती? तहान लागण्यापूर्वी ही विहीर खणण्याइतका वेळ नागपूरच्या हाती आजही आहे.