रस्ता व्हायचाच आहे, भाव मात्र झाला!

परवा बस स्टँडसमोर चहा घेत उभा होतो. ओळखीतला एक पोरगा आला अन् मोबाइलमधलं ब्रोशर दाखवायला लागला. "भाऊ, नागपूरले प्लॉट घेऊन टाका. नव्या रिंग रोडले टच आहे. पाच वर्षांनी हात लागनार नाही." मी म्हटलं, "रस्ता कुठवर आला?" तो हसला. "रस्ता कायचा भाऊ, आता तं मंजुरी झाली. पन भाव सुरू झाला न!"

रिंग रोडची अख्खी गोष्ट या एका वाक्यात आहे. म्हणून आज थोडं लांब लिहितो, वेळ असेल तर वाचा.

मोर्शीवाल्याले नागपूरच्या रिंग रोडशी काय घेनं-देनं, असं काही जण म्हणतील. घेणं-देणं आहे. आपल्या मोर्शी-वरुडचा संत्रा ट्रकात बसला की बराचसा नागपूरच्याच दिशेने निघतो. वरुड-काटोल मार्गे गेलो की फेटरीजवळ नागपूरचा आउटर रिंग रोड लागतो. भंडारा रोडने पुढे कोलकात्याकडे जाणाऱ्या गाडीला शहरात शिरायचं काम पडू नये, यासाठीच हे रस्ते असतात. संत्रा नाशवंत माल, दोन तास वाचले तरी व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला फरक पडतो. त्यामुळे रिंग रोडच नको, असं मी म्हणणार नाही.

पण नागपूरचा आजवरचा अनुभव बघा. पहिला रिंग रोड शहराच्या बाहेरून काढला होता. आज छत्रपती चौक, मानेवाडा, दिघोरी चौकात उभं राहून सांगा, हे शहराच्या बाहेर वाटतं का? शहराने तो रस्ता कधीच गिळला. मग आउटर रिंग रोड आला. जामठा ते फेटरी आणि फेटरी ते धारगाव असे दोन टप्पे, मिळून 61 किलोमीटरच्या आसपास, अन् बाकीचं वर्तुळ जुन्या महामार्गांनी पुरं केलं. आता सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच्याही बाहेरून 148 किलोमीटरच्या नव्या रिंग रोडला मंजुरी दिली. रुंदी 120 मीटर. सोबत हिंगणा तालुक्यात गोधनी आणि लाडगाव शिवारात 'नवीन नागपूर'.

म्हणजे तिसरं वर्तुळ. गर्दी टाळायला रस्ता काढायचा, रस्त्याच्या कडेला प्लॉट पाडायचे, प्लॉटवर वस्ती, वस्तीसाठी दुकानं, दुकानासमोर गाड्या, मग सिग्नल, मग उड्डाणपूल, अन् शेवटी परत नवा रिंग रोड! आपल्या अमरावतीच्या बायपासने जाताना दरवर्षी एखादं मंगल कार्यालय वाढलेलं दिसते ते काय उगीच?

आता जमिनीचा हिशेब करू. 120 मीटर रुंद रस्ता म्हणजे एका किलोमीटरला 12 हेक्टर, जवळपास 30 एकर. 148 किलोमीटरला झाले 1,776 हेक्टर, म्हणजे 4,400 एकरांच्या घरात. यात थोडी जागा सरकारी असेल, असो. पाच-पाच एकरवाले धरले तर 880 शेतकऱ्यांची सगळीच्या सगळी शेती. 'नवीन नागपूर'ची जमीन यात धरलेलीच नाही.

मोबदला मिळतो न, असं म्हणतात. मिळतो. पण दर कसा ठरतो? 2013 च्या भूसंपादन कायद्यात रेडी रेकनर किंवा आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या नोंदणी झालेल्या व्यवहारांची सरासरी, यातलं जे जास्त ते धरतात आणि त्यावर पुढचा गुणाकार होतो. आपल्याकडे मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात रक्कम कमी लावायची सवय. बाजारात जमीन एका भावाने जाते, कागदावर निम्म्याने. तो कागद मग ज्याने कधी गुंठाभर विकली नाही त्या शेतकऱ्याच्या मानेवर बसतो. आणि अधिसूचनेनंतर भाव कितीही चढो, तो हिशेबात येत नाही. ती वाढ जाते शेजारच्या गटात आधीच येऊन बसलेल्या पैसेवाल्याकडे. रस्त्यात गेला त्याची जमीन गेली, रस्त्याला टच राहिला त्याचं सोनं झालं. दोघांच्या मधात फक्त एक बांध!

हे दुखणं मोर्शीला नवं नाही. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणासाठी ज्यांची शेती अन् गावं गेली, ते आपलेच लोक. धरणाचं पाणी अमरावती शहराला गेलं, नांदगाव पेठच्या वीज प्रकल्पालाही गेलं. आणि धरणग्रस्त? मोर्शीत आंदोलनाला बसून बसून थकले, शेवटी ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत मंत्रालयातल्या जाळीवर उड्या मारल्या. इतक्या वर्षांनी माणसाला जाळीवर उडी मारावी लागते, कारण जमीन घेताना त्याचा हिशेब एकदाच करून फाइल बंद केली होती.

रस्त्याचा हिशेब मात्र एकदाच होत नाही. हैदराबादचा 158 किलोमीटरचा आउटर रिंग रोड 2023 मध्ये 7,380 कोटी रुपयांना, टोलवसुलीसह 30 वर्षांसाठी खासगी कंपनीकडे दिला गेला. रस्ता तीस वर्षं कमावणार, तर ज्याची जमीन त्याच्या खाली आहे त्याला एकदाच चेक का?

त्यामुळे माझं म्हणणं साधं आहे. ज्याची जमीन रस्त्यात जाते त्याला पैशासोबत त्याच रस्त्याच्या कडेला विकसित जागा द्या, म्हणजे भाव वाढेल तेव्हा त्याचाही वाढेल. समृद्धीच्या वेळी लँड पूलिंगवर शेतकऱ्यांनी विश्वास ठेवला नाही, थेट खरेदीच पत्करली. तो विश्वास कमवायचा असेल तर जागा कोणती अन् कधी मिळणार, हे सात-बारा घेण्याआधी लेखी द्या. गट नंबरांची यादी ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचा. दुसरं, रस्त्यावर ठरलेल्या जागा सोडून कुठेही कट देऊ नका आणि कडेला मोकळा पट्टा राखा. लंडनभोवतीचा 188 किलोमीटरचा एम-25 रस्ता 1986 मध्ये पूर्ण झाला. तिथेही गाड्यांची कोंडी होते, पण बराचसा रस्ता आजही हिरव्या पट्ट्यातून जातो, कारण तिथे बांधकामावर कडक बंधनं आहेत. शहराला कुठेतरी थांब म्हणावं लागते, ते फक्त डांबर टाकून होत नाही.

हे केलं नाही तर तिसरा रिंग रोडही मानेवाडा होईल. मग चौथा निघेल, तो काटोलच्या संत्र्याच्या बागेतून जाईल आणि तवा त्या पोराचं ब्रोशर कदाचित मोर्शी रोडचं असेल.

त्या पोराला मी प्लॉटसाठी नाही म्हटलं. पण एक विचारलं, "ज्याच्या वावरात हा लेआउट पडला, त्याने काय घेतलं बे?" तो म्हणाला, "थे मले नाही माहीत भाऊ."

तुम्हाला माहीत असेल तर सांगा. धरणात, रस्त्यात, एमआयडीसीत ज्यांची जमीन गेली, त्यांनी आपला अनुभव नक्की लिहा.