चढाईचें मोल

आमच्या जिल्ह्यांत धानाची कापणी संपून दिवाळी सरली, कीं गांवोगांव मंडई भरूं लागते. आणि थंडी पडतांच साकोली-लाखनीपासून पवनी-तुमसरपर्यंत ठिकठिकाणीं कबड्डीचे रात्रीचे सामने सुरू होतात. त्या दिवसांत शाळेच्या पहिल्या तासाला कांहीं बांकें रिकामीं दिसतात. पूर्वीं अशा मुलास जाब विचारला असतां तो खालीं मान घालीत असे. आतां तो सांगतो कीं, "गुरुजी, कबड्डींतहि लाखों रुपये मिळतात." हें उत्तर खोटें नाहीं, म्हणून तें रागानें झिडकारण्यापेक्षां तपासून पाहणें बरें.

सन २०१४ मध्यें प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि आपल्या मातींतला हा खेळ धंदेवाईक झाला. त्यांत नांव काढणाऱ्या मराठी तरुणांपैकीं श्री. सिद्धार्थ देसाई यांची कारकीर्द मुलांच्या तोंडीं नेहमीं असते. कोल्हापूर जिल्ह्यांत चंदगड तालुक्यांतील हुंदळेवाडी हें त्यांचें गांव. पदार्थविज्ञान हा विषय घेऊन ते पदवीधर झालेले आहेत, ही गोष्ट मात्र मुलें सहसा सांगत नाहींत! सन २०१८ मध्यें मुंबईच्या संघानें त्यांस ३६ लाख ४० हजार रुपयांस घेतलें. तीस सेकंदांची एक चढाई, समोर सात जण आणि परतीची वाट एकच. अशा चढायांतून त्यांनीं त्या पहिल्याच हंगामांत दोनशेंहून अधिक गुण मिळविले. पुढच्या वर्षीं तेलुगु टायटन्स संघानें त्यांच्यासाठीं १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. त्या वर्षीं एवढी बोली दुसऱ्या कोणावरहि लागली नव्हती.

मुलांची गोष्ट येथेंच संपते. वस्तुतः ती पुढें अधिक शिकण्यासारखी आहे. सन २०२० चा हंगाम महामारीमुळें भरलाच नाहीं. त्यानंतरच्या हंगामांत थोडे सामने होतात न होतात तोंच देसाई दुखापतीनें बाहेर बसले. सन २०२२ मध्यें त्याच संघानें त्यांस घेतलें तें २० लाख रुपयांस. खेळाडू तोच, संघहि तोच. मोल मात्र सातव्या हिश्श्यावर आलें. पुढें २०२३ मध्यें हरियाणाच्या संघानें त्यांस पुन्हां १ कोटी रुपये दिले, आणि तो संघ मार्च २०२४ मध्यें हैदराबाद येथील अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला. तेथें पुण्याच्या संघानें त्यास हरविलें. या चढउतारांत देसाई यांचा कांहीं दोष होता असें आम्हांस वाटत नाहीं. बाजार माणसाच्या गुणांचें मोल करीत नाहीं, त्या वर्षींच्या शरीराचें करितो. (माणसाच्या बाबतींत 'लिलाव' हा शब्द वर्तमानपत्रें इतक्या सहजपणें कसा छापतात, याचें आम्हांस नवल वाटतें.)

हें केवळ आपल्याकडेंच आहे असें नाहीं. अमेरिकेंत फुटबॉल म्हणून जो खेळ आहे, तो बहुतांशीं हातानें खेळला जातो. त्यांत मैदानाच्या कडेनें वाऱ्यासारखें धांवत जाऊन दुरून फेंकलेला चेंडू झेलणारा एक गडी असतो. तो चपळ, लोकप्रिय आणि भरपूर वेतनाचा धनी असला, तरी खेळाडूंच्या संघटनेचेंच सांगणें असें कीं, त्या खेळांतील धंदेवाईक आयुष्य सरासरीनें साडेतीन वर्षेंहि भरत नाहीं. म्हणूनच कीं काय, हायस्कूल सोडून तीन वर्षें झाल्यावांचून तेथें कोणाहि तरुणास धंदेवाईक संघांत घेत नाहींत. एवढ्या श्रीमंत देशानें मुलांस थांबण्यास सांगावें, आणि आपल्याकडील दहावीच्या मुलानें मात्र एका रात्रीच्या बक्षिसासाठीं फेब्रुवारींत पुस्तकें बांधून ठेवावींत, हें आम्हांस मान्य नाहीं.

परंतु जे पालक मुलाचा खेळच बंद करूं पाहतात, त्यांच्याहि पक्षास आम्ही नाहीं. धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची कथा आमच्या शाळेंत प्रत्येक मूल ऐकतें. ती केवळ मुलांसाठींच सांगितलेली नाहीं. शिवाय विदर्भास या खेळाचा वारसाहि लहान नाहीं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं तेथें कबड्डी खेळून दाखविली होती, आणि त्या तरुणांवर कोणी बोली लावलेली नव्हती.

आमची खरी चिंता निराळीच आहे. सन २०२१ मध्यें जायबंदी झालेल्या नामांकित खेळाडूस पुढच्याच वर्षीं कमी मोलानें का होईना, पण संघ मिळाला. आमच्या गांवच्या सामन्यांत गुडघा निखळलेल्या पोरास काय मिळतें? खांद्यावर घेऊन त्यास बाहेर आणितात, लोक टाळ्या वाजवितात, आणि दुसरा गडी आंत जातो. पुढचा खर्च बापाच्या धानाच्या पैशांतून होतो. एकदां नीट न बसलेला गुडघा चिखलणींत आणि रोवणींत किती वर्षें त्रास देतो, हें शेतकरी कुटुंबांस आम्हीं सांगावयास नको.

तेव्हां पालकांनीं मुलास घरीं कोंडूं नये. त्याच्याबरोबर मैदानावर जावें. जमीन नीट खणून मऊ केली आहे काय, दगड वेंचले आहेत काय, जवळ डॉक्टर आहे काय, हें डोळ्यांनीं पाहावें. दहावीच्या मुलांस जानेवारीनंतर संघांत घेऊं नये, असें मंडळांच्या पुढाऱ्यांस स्पष्ट सांगावें. शाळाहि तसें लिहून देण्यास तयार आहे. आणि पहिल्या बक्षिसाची रक्कम ध्वनिक्षेपकावरून पुकारली जाते, तेव्हां जखमी गड्याच्या औषधपाण्याचा खर्च कोण देणार, हेंहि त्याच वेळीं पुकारावयास लावावें. तें नांव ऐकूं येईपर्यंत आपल्या मुलास मैदानांत उतरूं देऊं नये.