रविवारची पाळी कोणी करायची?

पेनसिल्व्हेनियातील गेराल्ड ग्रॉफ यांनी २०१२ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यात नोकरी धरली, तेव्हा रविवारी बटवडा होत नसे. पुढच्याच वर्षी खात्याने अ‍ॅमेझॉनशी करार केला आणि रविवारीही पार्सले घरोघरी जाऊ लागली. ग्रॉफ इव्हँजेलिकल ख्रिस्ती. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी उपासना आणि विसावा, ही त्यांची श्रद्धा. रविवारचा बटवडा नसलेल्या होल्टवुडच्या छोट्या टपाल कचेरीत त्यांनी बदली मागून घेतली, पण २०१७ मध्ये पार्सले तिथेही पोहोचली. नेमून दिलेल्या रविवारी ते गैरहजर राहत गेले, शिस्तभंगाच्या कारवाया होत गेल्या. अखेर जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि खात्यावर दावा लावला.

त्यांची बाजू कमजोर नव्हती. नोकरीच्या अटी त्यांनी बदलल्या नव्हत्या, खात्याने बदलल्या होत्या. कामात सचोटी हवी, दिलेला शब्द पाळायला हवा, हे श्रद्धेतून आलेले गुण प्रत्येक साहेबाला आवडतात. हीच श्रद्धा वेळापत्रकाच्या आड आली की ती खासगी बाब ठरते. माणसाचा धर्म सोयीपुरता कचेरीत येऊ द्यायचा आणि गैरसोय झाली की बाहेर ठेवायला सांगायचे, यात न्याय नाही. धार्मिक आचरणाला वाजवी सवलत द्यावी, असे अमेरिकेचा कायदाही १९७२ पासून स्पष्टपणे सांगतो. मालकाला अवाजवी अडचण होत असेल तरच त्यातून सुटका आहे.

दुसरीकडे, होल्टवुडची कचेरी मोजक्या माणसांची. ग्रॉफ आले नाहीत तरी पार्सले पोहोचवावीच लागत. ती कधी सहकाऱ्यांच्या माथी आली, कधी खुद्द पोस्टमास्तरांनी वाटली. त्या सहकाऱ्यांनाही मुलेबाळे आहेत, म्हातारे आईबाप आहेत, कदाचित चर्चही आहे. एकाची सुट्टी धर्माची म्हणून पक्की आणि दुसऱ्याची नुसती घरची म्हणून कच्ची, हे त्यांनी का मान्य करावे? खालच्या न्यायालयांनी त्यांच्या नाराजीला वजन दिले, ते समजण्यासारखे आहे.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ग्रॉफ यांची बाजू उचलून धरली. १९७७ च्या एका निकालाचा अर्थ तोवर असा लावला जाई, की मालकाला किरकोळ खर्च जरी सोसावा लागला तरी तो सवलत नाकारू शकतो. न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिले, की ते पुरेसे नाही. त्या धंद्याच्या मानाने खर्चाचा बोजा खरोखर मोठा असल्याचे मालकाने दाखवायला हवे. सहकाऱ्यांना एखाद्याचा धर्म किंवा त्याला सवलत देणेच खुपते, एवढ्यावर नकार देता येणार नाही. त्यांच्यावरच्या भारामुळे कामकाजच बिघडत असेल, तर मात्र तो विचारात घेता येईल. ग्रॉफ यांच्या बाबतीत तसे झाले होते का, हे ठरवायला प्रकरण खाली परत गेले.

आम्हाला हा निकाल योग्य वाटतो. एवढ्या मोठ्या खात्याला चार रविवारांची सोय लावता येत नाही, हे पटत नाही. तथापि कायद्याने मिळालेला हक्क आणि श्रद्धेने मागितलेले आचरण यांत अंतर उरते. विसाव्याच्या दिवसाची मोशेला मिळालेली आज्ञा घरधन्यापुरती नाही. चाकर, दासी, परका, गुरेढोरे यांनाही त्या दिवशी विसावा द्यायला ती सांगते. माझा रविवार राखण्यासाठी शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा रविवार जात असेल, तर ती आज्ञा पुरती पाळली गेली असे म्हणवत नाही. येशूने शब्बाथ दिवशी रोग्यांना बरे केले, ही गोष्टही शुभवर्तमानांत आहेच. कॅथलिक परंपरेने आपल्यापुरती वाट काढली आहे: शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. पण ती वाट ग्रॉफ यांच्यासारख्यांवर लादता येणार नाही. कोणाची श्रद्धा किती लवचीक असावी, हे मालकाने ठरवायचे नसते.

आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. रविवार हा खंडोबाचाही वार. त्यामुळे ही सुट्टी इथे कधी एकट्या ख्रिस्ती माणसाची झाली नाही आणि तिच्यावर त्याचा वेगळा हक्कही कोणी फारसा मानला नाही. वसईहून लोकल पकडून रुग्णालयात, हॉटेलात किंवा विमानतळावर पाळी करणाऱ्याचा रविवार आजही बहुधा वरिष्ठाच्या मर्जीवर असतो. मर्जीपेक्षा लेखी नियम बरा. व्यवस्थापनांनी पाळ्यांची अदलाबदल रीतसर होऊ द्यावी आणि माणूस कमी पडत असेल तर जादा मोबदला देऊन बदली उभा करावा. तो भार सहकाऱ्यावर ढकलू नये. आणि रविवार मागणाऱ्या ख्रिस्ती कर्मचाऱ्याने गणपती-दिवाळीच्या पाळ्यांसाठी आपले नाव आधी, कोणी सांगण्याची वाट न पाहता, लिहावे.